मुत्सद्दी नाना फडणीस

मराठ्यांच्या इतिहासात तलवारीच्या बळावर कीर्ती मिळविणारे वीर पुष्कळ होऊन गेले. परंतु रणांगणावर फारसा पराक्रम न गाजविता, केवळ लेखणी आणि बुद्धी यांच्या बळावर ज्यांनी राज्य सावरले, अशा पुरुषांत नाना फडणीस यांचे नाव अग्रभागी आहे. देहाने ते कृश होते, प्रकृतीने नाजूक होते. पण पुण्यात बसून कलकत्ता, मद्रास, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि दिल्ली येथील हालचालींवर त्यांची नजर असे. इतकेच नव्हे, तर सातासमुद्रांपलीकडे युरोपात व अमेरिकेत पेटलेल्या युद्धाची झळ आपल्या राज्याला किती लागेल आणि त्याचा लाभ आपल्याला किती करून घेता येईल, याचाही विचार त्यांना करावा लागला. तो त्यांनी कसा केला, हे समजून घेण्यासारखे आहे.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू घराणे कोकणातील श्रीवर्धनचे. नानांचे आजोबा पहिल्या पेशव्यांबरोबर देशावर आले आणि फडणिशीचे काम पाहू लागले. राज्याचा जमाखर्च व दप्तर ज्याच्या ताब्यात असते, तो फडणीस. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. १७५६ साली वडील वारले, तेव्हा चौदा वर्षांच्या नानांवर घराण्याच्या फडणिशीचा भार पडला.

१७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा भयंकर पराभव झाला, त्या वेळी अठरा वर्षांचे नाना तेथे होते. त्या धुमश्चक्रीत त्यांची आई कायमची अंतरली. ते स्वतः मोठ्या कष्टाने, उपाशीतापाशी रानावनातून वाट काढीत जीव वाचवून परत आले. या प्रसंगाची हकीकत त्यांनी पुढे आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात लिहून ठेविली आहे. उत्तरेतील पुष्कळ राजेरजवाडे त्या युद्धात तटस्थ राहिले होते. घरापासून दूर, भरवशाच्या मित्रांवाचून लढणाऱ्या फौजेची काय दशा होते, हे नानांनी कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिले. पुढे उभ्या आयुष्यात ते कोणाच्याही आश्वासनावर एकाएकी विसंबले नाहीत.

पानिपतानंतर थोरल्या माधवरावांनी राज्याची घडी पुन्हा बसविली. पण १७७२ साली ते अकाली वारले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. हे कृत्य पुष्कळांना सहन झाले नाही. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके इत्यादी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन रघुनाथरावांविरुद्ध कारभार आपल्या हाती घेतला. हेच ते प्रसिद्ध बारभाई. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदर किल्ल्यावर ठेवण्यात आले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. या तान्ह्या पेशव्याचे राज्य सांभाळणे, हे नानांचे जीवितकार्य झाले.

रघुनाथराव स्वस्थ बसले नाहीत. ते सुरतेस जाऊन मुंबईच्या इंग्रजांना मिळाले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी इंग्रजांशी तह केला. गादी मिळवून दिल्यास साष्टी व वसई देण्याचे त्यांनी कबूल केले. त्या काळी हिंदुस्थानात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई, मद्रास व कलकत्ता अशी तीन मुख्य ठाणी होती. या तिघांत कलकत्त्याचा अधिकार मोठा. मुंबईकरांनी परस्पर केलेला हा तह कलकत्तेकरांनी मानला नाही. त्यांनी आपला वकील कर्नल अप्टन यास पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदर येथे बारभाईंशी नवा तह केला. पण मुंबईकरांना हा तह मनापासून नको होता. रघुनाथरावांना त्यांनी आपल्या आश्रयास ठेवून घेतले आणि तह मोडण्यास निमित्त शोधू लागले.

नेमक्या याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी घटना घडली. अमेरिकेतील इंग्रजांच्या तेरा वसाहतींनी आपल्याच राजाविरुद्ध बंड केले आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. फ्रेंच हे इंग्रजांचे जुने वैरी. आधीच्या युद्धात इंग्रजांनी त्यांचा हिंदुस्थानात व अमेरिकेत पाडाव केला होता. तो सल त्यांच्या मनात होताच. इंग्रज अडचणीत आले असता सूड उगवावा, असे फ्रेंचांना वाटू लागले. १७७८ च्या फेब्रुवारीत त्यांनी अमेरिकनांशी मैत्रीचा तह केला आणि लवकरच इंग्रज व फ्रेंच यांच्यात युद्ध जुंपले.

या युद्धाशी पुण्याचा काय संबंध, असे कोणाही सामान्य माणसास वाटले असते. अमेरिका पुण्यापासून हजारो कोस दूर. तेथे काय घडले, ते येथे कळावयास महिन्यांवर महिने लागत. पण इंग्रजांची फौज, जहाजे आणि पैसा ही काही अमर्याद नव्हेत. ती अमेरिकेत गुंतली तर हिंदुस्थानात कमी पडणार, हे उघड होते. फ्रेंचांची नुसती चाहूल लागली, तरी मुंबईकर व कलकत्तेकर यांची झोप उडते, हेही नानांच्या ध्यानी आले होते. ठिकठिकाणच्या दरबारांत त्यांचे वकील होते. त्यांची बातमीपत्रे पुण्याच्या दप्तरात सतत येऊन पडत आणि नाना ती बारकाईने वाचीत.

१७७७ साली सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौल-रेवदंड्याकडे जहाजातून उतरला. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत, असे तो सांगत होता. मे महिन्यात तो पुण्यास आला. नानांनी त्याचे मोठ्या थाटाने स्वागत केले. त्याच वेळी इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यातच होता. फ्रेंचाचा मान होतो आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहावे, अशीच नानांची इच्छा होती. लुबिनने फ्रेंच पलटणी, तोफा व दारूगोळा आणून देण्याच्या मोठमोठ्या गोष्टी केल्या आणि व्यापारासाठी पश्चिम किनाऱ्यावर बंदर मिळावे, अशी मागणी केली. चौल बंदर फ्रेंचांना मिळणार, अशी आवई मुंबईस पोहोचली आणि तेथे एकच खळबळ उडाली.

लुबिन हा माणूस फार विश्वासाचा नव्हता. त्याच्या शब्दांमागे फ्रान्सच्या राजाचे बळ किती आणि त्याची स्वतःची बढाई किती, हे सांगणे कठीण होते. नानांनी त्याच्याशी बोलणी चालू ठेविली, पण बंदर काही फ्रेंचांच्या हाती गेले नाही. इंग्रजांच्या मनात धाक राहावा आणि फ्रेंचांच्या मनात आशा राहावी, एवढेच त्यांना साधावयाचे होते. एका परक्यास घालविण्याकरिता दुसऱ्या परक्यास घरात घ्यावयाचे नाही, हे धोरण त्यामागे दिसून येते.

परंतु दाखविलेला धाक पुष्कळदा आपल्यावरच उलटतो. या वेळीही तसेच झाले. पुण्यात फ्रेंचांचे कारस्थान शिजत आहे, हेच कारण पुढे करून मुंबईकरांनी पुरंदरचा तह मोडण्याची तयारी केली. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज हा मोठा धाडसी व धूर्त पुरुष होता. त्याने यमुनेकाठच्या काल्पीहून एक फौज मध्य हिंदुस्थान ओलांडून थेट पश्चिम किनाऱ्याकडे रवाना केली. जुलै १७७८ मध्ये इंग्रज-फ्रेंच युद्धाची बातमी मिसर देशाच्या मार्गाने कलकत्त्यास येऊन थडकली. ती येताच इंग्रजांनी बंगालमधील फ्रेंचांचे चंद्रनगर घेतले. ऑक्टोबरमध्ये पाँडिचेरीही त्यांच्या हाती पडली. ज्या फ्रेंचांच्या भरवशावर कोणी राहावे, त्यांचीच ठाणी अशी भराभर ढासळली. लुबिनला त्यापूर्वीच पुण्यातून निरोप मिळाला होता. घरातही त्या वर्षी मोठी फूट पडली होती. नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस रघुनाथरावांच्या पक्षास मिळाले होते. महादजी शिंद्यांच्या साहाय्याने नानांनी ते बंड मोडले आणि येणाऱ्या युद्धास ते सिद्ध झाले.

१७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज रघुनाथरावांना बरोबर घेऊन बोरघाट चढून आली. काल्पीहून निघालेली फौज अद्याप दूर होती. तिची वाट न पाहताच मुंबईकर निघाले. मराठ्यांनी त्यांना आत येऊ दिले आणि वाटेतील दाणावैरण नाहीशी केली. इंग्रज तळेगावास पोहोचले, तेव्हा गाव जळून गेलेले दिसले. खावयास धान्य नाही, जनावरांना चारा नाही, चोहोंकडे मराठ्यांचे स्वार! अखेर रात्रीच्या अंधारात जड तोफा तळ्यात टाकून इंग्रज माघारी फिरले; पण वडगावजवळ महादजी शिंदे यांनी व इतर सरदारांनी त्यांना गाठले. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना वडगावचा तह करावा लागला. रघुनाथरावांना स्वाधीन करण्याचे आणि घेतलेला मुलूख परत देण्याचे त्यांनी कबूल केले.

मात्र कलकत्तेकरांनी हा तहही मानला नाही. काल्पीची फौज कर्नल गॉडर्डच्या हाताखाली सुरतेस पोहोचली. महादजींच्या ताब्यातून रघुनाथराव निसटले आणि पुन्हा इंग्रजांना मिळाले. युद्ध काही टळत नाही, हे नानांनी ओळखले. मग त्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी मसलत रचली.

म्हैसूरचा हैदर अली हा मराठ्यांचा जुना शत्रू. थोरल्या माधवरावांनी त्याच्यावर एकामागून एक स्वाऱ्या केल्या होत्या. त्यांनी जिंकलेला मुलूख हैदराने पुण्यातील दुहीचा फायदा घेऊन परत बळकावला होता. पण आता हैदरही इंग्रजांवर रुष्ट होता. मलबार किनाऱ्यावरील माहे हे फ्रेंचांचे बंदर. तेथून हैदरास दारूगोळा मिळत असे. फ्रेंचांशी युद्ध चालू असल्यामुळे इंग्रजांनी मार्च १७७९ मध्ये माहे घेतले, त्यामुळे तो संतापला होता. ही संधी नानांनी अचूक साधली. कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलुखावरचा हक्क सोडावा लागला, तरी त्यांनी तो कडू घोट गिळला आणि हैदराशी सख्य केले. हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांनाही त्यांनी या कटात ओढले. हैदराने मद्रासवर, निजामाने पूर्व किनाऱ्यावरील इंग्रजी मुलुखावर, भोसल्यांनी बंगालवर आणि पेशवे, शिंदे व होळकर यांनी पश्चिमेकडे व माळव्यात इंग्रजांवर चालून जावे, असे ठरले. गोव्याच्या पोर्तुगिजांशीही १७७९ साली स्नेहाचा तह करण्यात आला. चारही दिशांनी एकदम आग लागली, तर इंग्रजांजवळ ती विझविण्यास पाणी पुरणार नाही, असा नानांचा हिशेब होता.

हा हिशेब बराचसा खरा ठरला. १७८० च्या पावसाळ्यात हैदर प्रचंड सैन्यासह कर्नाटकात उतरला. १० सप्टेंबर रोजी पोल्लिलूर येथे त्याने कर्नल बेलीची फौज धुळीस मिळविली. मद्रासमध्ये हाहाकार उडाला. इकडे गॉडर्डने अहमदाबाद व वसई घेतली खरी. पण १७८१ च्या वसंतात तो बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत आला, तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याची रसद तोडली. एप्रिल महिन्यात मोठे नुकसान सोसून तो पनवेलीस परतला. अनेक आघाड्यांवर एकाच वेळी लढताना कंपनीचा खजिना रिता झाला. पैशासाठी हेस्टिंग्जने काशीच्या राजा चेतसिंगावर इतकी सक्ती केली की, १७८१ साली तेथे बंडच झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत यॉर्कटाउन येथे इंग्रजांच्या एका मोठ्या सैन्याने शरणागती पत्करली.

असे असूनही नानांचा डाव पूर्णपणे साधला नाही. त्याचे कारण इंग्रजांच्या बळापेक्षा आपल्या लोकांच्या फुटीत अधिक होते. हेस्टिंग्जने नागपूरकर भोसल्यांना पैसा देऊन गप्प बसविले. त्यांची फौज ओरिसात रेंगाळली आणि बंगालवर गेलीच नाही. निजामास गुंटूरचा प्रदेश परत देऊन त्याने त्यालाही स्वस्थ केले. १७८० च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि पुढे महादजींच्या माळव्यातील मुलुखावर चढाई केली, तेव्हा १७८१ च्या अखेरीस महादजींनी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलणे लाविले. चौघे एकत्र आले होते, पण चौघांची मने एक नव्हती. इंग्रजांत मुंबई, मद्रास व कलकत्ता यांचे आपसात तंटे असत. तथापि संकटाच्या वेळी एकाची फौज दुसऱ्याच्या मदतीस धावून जाई. आमच्या मंडळींना हे साधले नाही.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळील सालबाई येथे महादजींच्या मध्यस्थीने तह ठरला. पण त्यावर पेशव्यांची मोहोर करण्यास नानांनी सात महिने लाविले. हा विलंब आळसाने झालेला नव्हता. त्या वर्षी सुफ्रेन नावाच्या शूर फ्रेंच दर्यासारंगाचे आरमार पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांशी झुंजत होते. हैदर अजून रणात होता. कदाचित इंग्रज आणखी दुबळे होतील आणि अधिक चांगल्या अटी मिळतील. शिवाय हैदराला एकटे टाकून तह करणे हा वचनभंगही होता. अशा पेचात नाना वाट पाहत राहिले. पण फ्रेंचांचे जे सैन्य उतरले ते थोडे होते, आणि त्यांचा वृद्ध सेनापती बुसी अद्याप आलाच नव्हता. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर अली मरण पावला. ही बातमी समजल्यावर नानांनी अधिक काळ वाट पाहिली नाही. त्याच महिन्यात तहावर मोहोर झाली.

या तहाने वसई व गुजरातेतील मुलूख पेशव्यांस परत मिळाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष कायमचा सोडला. त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळून ते कोपरगावी राहू लागले. ज्या बालकाच्या गादीसाठी आठ वर्षे झगडा चालला होता, त्याची गादी निर्वेध झाली. परंतु साष्टी इंग्रजांकडेच राहिली. शिवाय पोर्तुगिजांखेरीज इतर कोणत्याही युरोपियनांना पेशव्यांनी आपल्या मुलुखात वखारी घालू देऊ नयेत, असे कलम तहात होते. ज्या फ्रेंचांचा धाक दाखवून नानांनी डाव मांडला होता, त्यांचा मार्गच अशा रीतीने बंद झाला. हैदराच्या पुत्रास, टिपूस, एकट्यालाच लढावे लागले. याबद्दल नानांना दोष देणारेही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही.

पण लगेच पुढील वर्षी जे घडले, तेही पाहिले पाहिजे. बुसी मार्च १७८३ मध्ये आला. तो इंग्रजांशी लढत असतानाच युरोपात इंग्रज-फ्रेंचांचे सख्य होत असल्याची वार्ता आली. टिपू त्या वेळी मंगळूरच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता. त्याच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंचांनी ही वार्ता कळताच शस्त्रे खाली ठेविली. त्यांचे युद्ध संपले होते; टिपूचे संपले नव्हते. दूरच्या राष्ट्रांची भांडणे त्यांच्या स्वतःच्या हितासाठी चालतात आणि त्यांच्याच सोयीने मिटतात. सेंट लुबिनच्या थाटामाटाला भुलून नानांनी राज्याचा सगळा भार फ्रेंचांवर टाकला असता, तर पुण्यावर हीच पाळी आली असती.

सालबाईच्या तहानंतर नानांनी आणखी बारा-तेरा वर्षे राज्याचा कारभार मोठ्या दक्षतेने चालविला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. त्या प्रसंगी मराठे सरदार एकत्र आले होते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात तरुण सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत झाला आणि नानांच्या साऱ्या आयुष्याचा आधार तुटला. पुढे दुसरे बाजीराव पेशवे झाले. त्यांच्या कारकीर्दीत वृद्ध नानांना कैदही भोगावी लागली. सुटका झाल्यावर त्यांनी पुन्हा कारभारात लक्ष घातले, पण आता त्यांचा सल्ला ऐकणारे कोणी उरले नव्हते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे तीन वर्षांच्या आत दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांची फौज आपल्या राज्यात घेतली. जे नानांनी जन्मभर टाळले होते, ते अखेर घडले.

वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली गावी नानांचा वाडा व सुंदर घाट आहे. तेथे त्यांनी जपून ठेविलेल्या हजारो कागदपत्रांमुळे त्या काळाचा इतिहास पुढील पिढ्यांस समजला. कोणत्या दरबारात काय घडले, कोणी कोणास काय लिहिले, याची बारीकसारीक नोंद करणारा हा पुरुष जगाकडे डोळे उघडे ठेवून पाहत होता. दूर कोठेतरी युद्ध पेटले म्हणजे त्यात आपली संधी शोधावी. पण आपल्या राज्याचे रक्षण आपल्याच बळावर व आपल्या एकीवर करावे, ही गोष्ट नाना जाणून होते. पहिले त्यांनी करून दाखविले. दुसऱ्यासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली. ती एकट्याच्या हातची गोष्ट नव्हती.